मिरी ओरडायच्या आत

चेतना इंगळेला कोणी हाक मारली आणि ती गेली नाही, असं गेल्या वीस वर्षांत घडलेलं नव्हतं. तिचं कामच तसं. ब्युरोमार्फत ती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायची, सकाळी आठ ते रात्री आठ. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं आणि उरलेल्या वेळात त्यांच्या घरच्यांचे टोमणे ऐकून घेणं. या कामात नवीन आलेल्या पोरींना ती एकच गोष्ट बजावायची. "घास तोंडात असू दे, नाहीतर संडासात बसलेली अस. पेशंटने हाक मारली की आधी ओ द्यायची. जायला दोन मिनिटं लागली तरी चालतील, पण ओ लगेच. हाक मारून कोणी येत नाही ना, की म्हातारं माणूस आतून खचतं." पोरी माना डोलवायच्या आणि मोबाईलमध्ये डोकं घालायच्या. चेतना मात्र हे अक्षरशः पाळायची. झोपेतसुद्धा आईचा एक कान जागा असतो, असं कल्याणला दिलेली तिची मुलगी तेजल म्हणायची, आणि त्यात कौतुकापेक्षा तक्रारच जास्त असायची.

अशा बाईच्या पदरात जे कुत्र्याचं पिल्लू पडलं, ते हाका मारण्यात तिला पुरून उरणारं निघालं.

पिल्लाचं नाव मिरी. काळी कुळकुळीत, सात महिन्यांची, जात विचाराल तर मुंबईच्या रस्त्यावरची अस्सल. मुलुंड पूर्वेला सीताराम बर्वे नावाचे एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ चेतनाचे पेशंट होते. हातपाय थरथरायचे, बोलणं अडखळायचं, मुलगा परदेशात. एका सकाळी इमारतीच्या मीटरच्या खोलीतून केविलवाणा आवाज येत होता. काका म्हणाले, "कोण रडतंय बघून ये." चेतना गेली आणि ओढणीत गुंडाळून मिरीला वर घेऊन आली. त्या दिवसापासून मिरी काकांच्या पलंगाखाली राहिली. दिवसा चेतना, रात्री दुसरी बाई, आणि काका तर चोवीस तास घरातच. पाच महिन्यांत त्या जीवाला रिकामं घर म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं.

मग एका संध्याकाळी रात्रपाळीची बाई आली नाही. साडेआठपर्यंत वाट बघून चेतनाने ब्युरोला फोन लावला. "दुसरी पाठवतोय, वाटेत आहे, तुम्ही निघा," असं उत्तर आलं. ती काकांना "सकाळी येते हं" म्हणून निघाली. दुसरी बाई आलीच नाही. सकाळी आठला चेतनाने आपल्या किल्लीने दार उघडलं तेव्हा काका थंड पडले होते आणि मिरी दाराशी उभी होती. ती तोंड उघडत होती, पण घशातून आवाज फुटत नव्हता. शेजारचे म्हणाले, "रात्रभर भुंकत होतं ते. आम्ही वॉचमनला फोनसुद्धा केला, त्याला गप करा म्हणून." काय झालंय हे बघायला एकही माणूस वर आला नव्हता. चेतनाने हे ऐकलं आणि मिरीपुढे पाण्याचं भांडं ठेवलं. परदेशातल्या मुलाने फोनवर कुत्र्याचं काय ते तुम्हीच बघा म्हणून सांगितलं. चेतनाने बघितलं, म्हणजे मिरीला रिक्षात घालून घरी आणलं.

घर म्हणजे घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीतली एक खोली. खाली मालक धोंडू राऊळ आणि त्याची बायको नलिनी, वर भाड्याने चेतना. मध्ये अकरा पायऱ्यांचा लोखंडी जिना, आणि एका पायरीवर पाय पडला की अकराही वाजायच्या. खोलीत एका भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, दुसऱ्या भिंतीला ओटा, आणि या दोन्हींच्या मध्ये मिरी. चेतना न्हाणीत गेली तरी दाराशी अंग टाकून कण्हणारी. ती जिना उतरायला लागली की जे काही व्हायचं त्याला भुंकणं म्हणणं फार सौम्य होईल. गळा ताणून, श्वास न घेता ती किंचाळायची, पत्र्याच्या दारावर नखं मारायची, लाळेने फरशी ओली करून ठेवायची. चेतना चौथ्या पायरीवरून परत फिरायची. परत आली की मिरी गप. पुन्हा उतरली की किंकाळी, पुन्हा चेतना वर. कधीकधी दिवसातून पंधरा वेळा. तिने ब्युरोकडून रजा घेतली आणि घरातच बसली.

धोंडू राऊळ अडुसष्ट वर्षांचा. गिरणी बंद पडल्यानंतर त्याने मिळेल ते केलं, आणि आता विद्याविहारच्या एका सोसायटीत तो रात्रीचा वॉचमन होता. झोपायचा दिवसा, आणि त्याच्या डोक्यावर बरोबर मिरीची खोली. नवव्या दिवशी तो बनियनवरच जिना चढून वर आला. डोळे लालभडक होते.

"चेतना, आयक गे," तो म्हणाला. "मी नऊ वाजता घराक येतंय, तीनपर्यंत निजतंय. नऊ दिस डोळ्याक डोळो लागूक नाय. काल गेटवर बसल्याबसल्या डुलकी लागली, सेक्रेटरीन बघितल्यान. नोकरी गेली तर या वयात माका कोण ठेवतलो?"

"काका, थोडे दिवस द्या ना. घाबरते हो ती."

"दिले दिवस. म्हयनो संपता तो रविवार. दहा ते अकरा मी सोता या जिन्यावर बसतलंय, तू भायर जा. एक तास गप रवली तर दोघांनी खुशाल रवा. नाय तर ती तरी दुसरीकडे दी, नाय तर खोली सोड."

एवढं बोलून तो खाली गेला. तो भांडला असता तर चेतनालाही भांडता आलं असतं, आणि त्यात ती कमी पडली नसती. पण माणूस खरं बोलत होता. मिरीला दुसरीकडे द्यायचं म्हणजे कुठे, हेही तिने आधीच बघून ठेवलं होतं. प्राण्यांच्या आश्रयगृहात एकाला लागून एक पिंजरे, सगळे भुंकणारे, आणि रात्री कुलूप. कुलूप या शब्दाशी तिचा विचार थांबायचा. मोजून तेवीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती मिरीला पिशवीत घालून प्राण्यांच्या धर्मादाय दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर माधुरी तरुण होत्या, घाईत होत्या, आणि प्रश्न मात्र नेमके विचारत होत्या.

"ती ओरडली की तुम्ही काय करता, ताई?"

"जाते ना परत. लगेच जाते."

"आणि गेलात की?"

"गप होते, मॅडम. एका सेकंदात." चेतनाने हे जरा अभिमानानेच सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय की ओरडलं की तुम्ही येता. नाही ओरडलं तर येणार नाही. तुम्हीच शिकवलंय तिला हे, रोज पंधरा-पंधरा वेळा."

चेतनाचा चेहरा तापला. वीस वर्षांच्या नोकरीत तिला कोणी चुकीचं म्हटलं नव्हतं, आणि ही कालची पोरगी म्हणत होती. "मग काय, रडू देऊ तिला? रात्रभर रडली होती ती, मॅडम. मेलेल्या माणसाशेजारी. कोणी आलं नाही. आता मीपण जाऊ नको?" आणि तिने न थांबता सगळं सांगून टाकलं. तेजललासुद्धा तिने हे इतकं उघडून सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाल्या, "रडू द्या असं मी म्हणतच नाहीये. रडू द्यायचंच नाही. ओरडायच्या आत परत यायचं. दहाव्या सेकंदाला ओरडते ना? तुम्ही सातव्या सेकंदाला दारात. मग आठव्या, मग दहाव्या. तिला कळलं पाहिजे की ही बाई जाते आणि येते, त्यासाठी आपल्याला जीव काढावा लागत नाही. आणि जाताना लाड नाहीत, आल्यावर लाड नाहीत. उठायचं, जायचं, यायचं. तोपर्यंत तिला तिच्या ताकदीबाहेर एकटं टाकायचं नाही, एकदाही नाही."

"सांगूनपण नाही जायचं?"

"नाही."

चेतनाला हेच सगळ्यात जड गेलं. तिने कुठलंही घर "येते" म्हटल्याशिवाय कधी सोडलं नव्हतं. न बोलता निघायचं ते फक्त मयताच्या घरातून, आणि तसं ती बर्व्यांच्या घरातून निघालीच होती. डॉक्टरांनी अर्धी गोळी लिहून दिली. गोळीने कुत्रं शिकत नाही, शिकायला सोपं जातं एवढंच, असंही सांगितलं. मिरीला पिशवीत घालताना चेतनाने मनातल्या मनात त्या पोरीला दोन शिव्या हासडल्या, आणि घरी पोचेपर्यंत ती आपल्याशीच सेकंद मोजायला लागली होती.

सुरुवात जिन्यापासून झालीच नाही. पर्स हातात घेतली तरी मिरी थरथरायला लागायची, चप्पल घातली की लाळ गळायची. म्हणून चेतनाने दोन दिवस घरात चप्पल घातली आणि काखेत पर्स अडकवून चपात्या लाटल्या. नलिनीकाकू वाटी मागायला वर आली, तिने हे बघितलं, आणि वाटी न मागताच खाली गेली. बाईचं डोकं फिरलं असं सगळ्या चाळीत झालं. होऊ दे म्हणाली चेतना.

मग दार. उघडायचं, बाहेर जायचं, लोटून घ्यायचं, उघडायचं. नाडी मोजायचं मोठ्या काट्याचं घड्याळ तिच्या मनगटावर कायमचं होतं, ते आता या कामाला लागलं. सात सेकंद, सात, पाच, आठ. आत आली की मिरीकडे न बघता पाण्याचा घोट घ्यायचा आणि पुन्हा बाहेर. मिरी मागेमागे फिरायची, तोंडाकडे बघायची, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायचा नाही म्हणजे चेतनाला शिक्षाच वाटायची. दाराचं जमलं तर पहिली पायरी वाजली, आणि पुन्हा किंकाळी. तीन दिवस चेतना एकाच पायरीवर चढत-उतरत राहिली. चाळीतली पोरं खाली उभी राहून टाळ्या वाजवायची. तिने त्यांना असं काही सुनावलं की परत कोणी तिथे फिरकलं नाही.

सकाळी दोन तास ती शेजारच्या गल्लीतल्या कमलआजीला आंघोळ घालायला जाऊ लागली. आजी समजूतदार होती, मिरीला खाटेच्या पायाला बांधून ठेवू द्यायची. बाजारात मिरी पिशवीतून, दवाखान्यात पिशवीतून. एकटं म्हणून टाकायचं नाही, हे तिने एखाद्या पथ्यासारखं सांभाळलं. पंधरा दिवसांत मिरी पंधरा मिनिटं गप राहू लागली. चेतना खाली गल्लीच्या वळणावर उभी राहायची, घड्याळाकडे बघत, आणि परत आली की मिरी दारापाशी बसलेली दिसायची. घाबरलेली, पण तोंड मिटून.

इथेच माणसाला हाव सुटते. तेव्हा आठ दिवस उरले होते आणि हिशेब जमत नव्हता. पंधरावरून साठ कधी होणार? शनिवारी तिने एकदम अर्धा तास करायचं ठरवलं. भाजी घ्यायला ती मुख्य रस्त्यापर्यंत गेली. तेवढ्यात ब्युरोच्या शीतलचा फोन आला, मुलुंडला पेशंट आहे, कधी येता. तिला तोडता तोडता दहा मिनिटं गेली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत किंकाळी चाळभर झाली होती. आणि चेतना, जिला सगळं कळत होतं, जिने गेले पंधरा दिवस स्वतःला बांधून ठेवलं होतं, ती भाजीची पिशवी टाकून "आले गं, आले, आले!" असं ओरडत धावत सुटली. दारावर आतून रक्ताचे ओरखडे होते. मिरीचं एक नख मुळापासून उपटलं होतं.

खाली धोंडू राऊळ आपल्या दारात उभा होता, अंगावर चादर, झोपेतून उठलेला. दोन्ही हात वर करून त्याने बोटं दाखवली. आठ.

नखाला पट्टी बांधून होताच चेतनाने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "मागे या. दोन मिनिटांपासून परत." शिव्या द्यायलाही चेतनाकडे जोर उरला नव्हता. त्या आठवड्यात तिने काय केलं हे सांगण्यासारखं नाही, कारण तिने एकच गोष्ट केली. बाहेर गेली, आत आली. दोन, तीन, दोन, पाच, नऊ, चार. मुद्दाम कमी-जास्त, म्हणजे मिरीला अंदाज येऊ नये. कमलआजीच्या फ्रीजमध्ये नारळाच्या करवंटीत दहीभात गोठवून तो मिरीला चाटत बसायला द्यायची युक्ती तिने काढली, तिचाही उपयोग झाला. शुक्रवारी पंचवीस झाली. शनिवारी संध्याकाळी अडतीस. अडतीसच्या पुढे मिरी आयुष्यात कधीच गेली नव्हती, आणि तास म्हणजे साठ. चेतनाने त्या दिवशी मुलीला फोन केला आणि काही न सांगताच ठेवून दिला.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना राऊळ जिना चढून वर आला. रात्रपाळी करून तसाच आला होता, युनिफॉर्मही उतरवला नव्हता. सगळ्यात वरच्या पायरीवर त्याने पेपर अंथरला आणि बसला. चेतनाने करवंटी मिरीसमोर ठेवली, उठली, आणि मागे न बघता बाहेर पडली. "येते" तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं. राऊळने मांडी आत घेऊन तिला वाट दिली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी सहदेवची पिठाची गिरणी होती. तिथून तिच्या खोलीचा पत्रा दिसायचा, पण ती मिरीला दिसायची नाही. चेतना बाहेरच्या बाकावर टेकली. रविवार म्हणून गिरणी जोरात चालली होती, आणि त्या घरघरीत आपल्या डोक्यातलाही आवाज ऐकू येत नव्हता. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मिरी ओरडली तर आपल्याला कळणारच नाही. आधी तिला वाटलं उठून जरा वर जावं, मग वाटलं ऐकून तरी काय करणार आहोत. घड्याळाचा काटा ती नाडी मोजताना बघायची तसा बघत होती. दहा बारा. दहा वीस. हाताला मुंग्या आल्या. ओळखीची एक बाई थांबून काहीतरी विचारून गेली, चेतनाने काय उत्तर दिलं देव जाणे. दहा एकतीस. एव्हाना करवंटी संपली असणार. दहा अडतीस झाले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

दहा एक्केचाळीसला दळण संपलं आणि सहदेवने मोटर बंद केली.

गल्ली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली. आणि त्या शांततेत वरून आवाज आला. एकच, लांब, वर चढत जाणारा. चेतना केव्हा उठली आणि केव्हा चार पावलं धावली ते तिला कळलं नाही. गल्लीच्या वळणाशी, नळाचा पाइप दोन्ही हातांनी धरून ती थांबली. वर गेलं तर सगळं पाण्यात, कारण ओरडलं की चेतना येते हा धडा पुन्हा पहिल्यापासून. आणि नाही गेलं, तर ती पुन्हा बंद दाराआड हाक मारतेय आणि बाहेरच्यांना ऐकू येतंय आणि कोणी येत नाहीये. पाइप हातात नसता तर ती गेलीच असती. तिला त्या क्षणी राऊळचा राग आला, डॉक्टरचा आला, ब्युरोचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या साडेआठला "सकाळी येते हं" म्हणून निघालेल्या बाईचा आला. ती पुढच्या किंकाळीची वाट बघत राहिली. पहिलीनंतर दुसरी येतेच, मग दार, मग नखं.

दुसरी आली नाही.

हे चांगलं की वाईट, ते तिला कळेना. एखादा जीव ओरडायचा थांबतो तेव्हा त्याला बरं वाटलेलं असतं असं नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? काटा पुढे सरकत नव्हता. पन्नास. चोपन्न. गिरणी पुन्हा सुरू झाली आणि तिने सहदेवकडे असं बघितलं की त्या बिचाऱ्याने हात जोडले. आता हरलो आहोत हे तिला दिसतच होतं. राऊळने एक तास गप म्हटलं होतं, आणि एक आवाज म्हणजे गप नव्हे. तिने मनातल्या मनात खोल्या शोधायला सुरुवात केली. कळवा, दिवा, कुठेही, पण मिरीला देणार नाही. एवढं तिने तिथे उभ्याउभ्या ठरवून टाकलं. अकरा वाजले तेव्हा ती न धावता, एकेक पाऊल टाकत निघाली.

जिन्यावर पाय ठेवताच राऊळने वरून हाताने खूण केली, हळू. तो मघासारखा बसलेला नव्हता. दाराला पाठ लावून तिरका झाला होता, आणि त्याचा एक हात अवघडल्यासारखा मागे वळलेला होता. दाराखालच्या फटीत त्याची चार बोटं आत गेली होती.

"हळू बोल गे," तो कुजबुजला. "आत्ताच निजली."

चेतना पायरीवरच उभी राहिली. "ओरडली ना ती? मी ऐकलं, काका."

"ओरडली. खोटा कशाक सांगू? एकदा हाक मारल्यान. मी ओ दिलंय. म्हटलंय, मी आसंय गे हय, बसलंय. मगे हय फटीपाशी इली, बोटां हुंगल्यान, आणि तशीच बोटांवर हनुवटी ठेवन निजली."

"काका!" चेतनाचा आवाज चढला आणि तिने तो दातांखाली धरला. "अहो, ओरडल्यावर ओ द्यायची नसते! तेच तर शिकवत होते मी. ओरडल्यावर कोणी बोललं की तिला सवय लागते, मग ती—"

"मगे काय करूचा होता?" राऊळला खरंच कळलं नव्हतं. झोपेने सुजलेले डोळे त्याने तिच्याकडे वळवले. "गे, चौदा वर्सां वॉचमनकी केलंय. कोण तरी हाक मारता, आणि आपण आयकत बसान रवूचा? माका नाय जमूचा ता."

त्याला मुलुंडचं काही माहीत नव्हतं. ती रात्र, तो न आलेला वॉचमन, सीतारामकाका, यातलं काहीच चेतनाने त्याला सांगितलेलं नव्हतं. ओ देणं चूक आहे हे तिला आता पक्कं ठाऊक होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, मिरीच्या उपटलेल्या नखाने सांगितलं होतं. आणि तरीही त्या म्हाताऱ्याची फटीत घातलेली बोटं बघून तिला जे रडू आलं ते आवरेना. बर्व्यांच्या घरी ती रडली नव्हती, तिथे आवरायचं होतं, फोन करायचे होते. आता ती तोंडाला ओढणी लावून, आवाज न करता, लोखंडी जिन्यावर रडली. राऊळ गांगरून गेला आणि दुसऱ्या हाताने खिशातला रुमाल शोधायला लागला.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "म्हणजे हरलो आम्ही. गप नाही राहिली ती तासभर."

"कोण म्हणता?"

"तुम्हीच म्हणालात ना, ओरडली."

"हाक मारल्यान म्हटलंय," राऊळ म्हणाला. "नऊ दिस बोंबलत होती, त्येका मी हाक म्हणूक नाय." मग त्याने हात जरासा हलवून बघितला आणि चेहरा वाकडा केला. "बोटां बधिर झाली माझी. पण काढूचा कसा? काढलंय तर जागी जातली."

चेतनाने घड्याळात बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली, आणि मिरीला आपणहून जाग येईपर्यंत दोघंही तिथून उठली नाहीत.